टोरांटोत सातव्या मजल्यावरची बाग

नायगरा आटोपल्यावर भाची म्हणाली, "मामा, आता तुम्हाला सातव्या मजल्यावरची बाग दाखवते." मला वाटलं, एखादं गच्चीवरचं हॉटेल असेल.

निघालं एल्गिन अँड विंटर गार्डन थिएटर. यंग स्ट्रीटवरून बघाल तर दुकानाएवढा दर्शनी भाग. या रस्त्यावरची जागा महाग, म्हणून मालक मार्कस लो आणि वास्तुविशारद थॉमस लॅम यांनी इकडे नुसती लांबलचक लॉबी काढली आणि नाट्यगृह मागे, व्हिक्टोरिया स्ट्रीटच्या अंगाला बांधलं. तेही एकावर एक, दोन! खालचं डिसेंबर १९१३ मध्ये उघडलं, वरचं फेब्रुवारी १९१४ मध्ये.

इथे तेव्हा वॉडव्हिल चालायचं, म्हणजे एकाच तिकिटात गाणी, नकला, जादू, कसरती. खाली दिवसभर खेळ चालू, कधीही शिरा, कधीही उठा. वर तेच कलाकार, पण फक्त रात्री, राखीव खुर्ची आणि चढा दर. माल एकच, दुकानं दोन!

खालचं एल्गिन सोनेरी, मखमली, भपकेबाज. मला विशेष वाटलं नाही. वरच्या विंटर गार्डनमध्ये मात्र मी मान वर करून उभाच राहिलो. छतभर बीच नावाच्या झाडाची खरीखुरी पानं, मध्ये मिणमिणते कंदील, खांबांना झाडाच्या खोडाचं रूप, भिंतींवर वेली. १९२८ मध्ये ही बाग बंद झाली. खाली सिनेमे चालू राहिले, वर पन्नासहून जास्त वर्षं धूळ साचली आणि वॉडव्हिलचे रंगवलेले पडदे तसेच पडून राहिले. १९८१ मध्ये ओंटारिओ हेरिटेज फाउंडेशनने इमारत घेतली, १९८९ मध्ये दोन्ही रंगमंच पुन्हा सुरू झाले. छतासाठी पाच हजारांवर नव्या फांद्या आणल्या, पानं आग धरू नयेत म्हणून प्रक्रिया केली.

भिंतींची गोष्ट तर अस्सल स्वयंपाकघरातली. चित्रं जलरंगातली, पाणी लावलं की रंगच उतरायचा. मग पावाची कच्ची कणीक भिंतीवर हलकेच दाबून काजळी टिपून घेतली, तीही शेकडो पौंड. परातीच्या कडेला चिकटलेलं पीठ आपण गोळ्यानेच टिपतो ना, तसंच.

जाणाऱ्यांसाठी: सबवेचं क्वीन स्टेशन अगदी जवळ. गाइडेड टूर साधारण दीड तासाची, पण रोज नसते आणि नाटकांच्या तारखांप्रमाणे सरकते. मी न बघता गेलो आणि पहिल्या दिवशी बंद दारावरून परतलो. सप्टेंबरात फिल्म फेस्टिव्हल असतो, तेव्हा आधी खात्री करा. जिने बरेच आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर लिफ्टचं बुकिंगच्या वेळीच विचारा. नाटकाचं तिकीट काढणार असाल तर त्यावर विंटर गार्डन लिहिलंय ना, ते बघा. दार एकच असल्यामुळे गल्लत होते. आणि जमलं तर बाल्कनीखालच्या रांगा घ्या. तिथे छत खाली येतं, पानांच्या शिरासुद्धा दिसतात.