शकुंतला, क्लिक निक्सन अन् आमचा ग्रुप

रविवार, रात्री साडेअकरा

आज दारव्ह्याकडून यष्टीनं परत येताना आमच्या चौघांत कोणीच कोणाशी बोललं नाही. कॅमेरावाला खिडकीला डोकं लावून झोपेचं सोंग घेत होता. चूक तशी माझीच होती, पण तेव्हा मान्य करायची माझी तयारी नव्हती.

प्रोजेक्ट आहे शकुंतलेवर, म्हणजे आमच्या विदर्भातल्या यवतमाळ-मूर्तिजापूर लाइनवरच्या जुन्या छोट्या रेल्वेवर, दहा मिनिटांची डॉक्युमेंटरी. रिसर्च माझ्याकडे, कारण काय तर मी फास्ट टाइप करतो 😅 मी मोबाइलवर अर्ध्या तासात सहा पेजेस वाचली, 'ब्रिटिशांच्या क्लिक निक्सन कंपनीची रेल्वे' असं स्क्रिप्टमध्ये ठोकलं अन् मोकळा झालो. सर म्हणाले, हे क्लिक निक्सन कोण रे? इंग्रजी स्पेलिंग शोधायला बसलो तेव्हा कळलं की नाव किलिक निक्सन आहे, १८५७ सालापासूनची मुंबईची कंपनी. कोणीतरी एकदा चुकीचं लिहिलं अन् बाकीच्यांनी उचललं, म्हणजे माझी सहा पेजेस खरं तर एकच पेज होतं. सालाचंही तेच, कोणी १९०३ म्हणतं, कोणी १९१०, कोणी १९१६, अन् हे काम सुरू झाल्याचं साल की कंपनी काढल्याचं की लाइन पूर्ण झाल्याचं ते कोणी धड सांगत नाही, मी आपलं सगळ्यात जुनं टाकून दिलं होतं कारण ते भारी वाटतं. इंजिनाचं मात्र सगळीकडे जुळलं, मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं, १९२३ पासून या लाइनवर, १५ एप्रिल १९९४ ला डिझेल आलं तोवर.

तर आज या लाइनवर काम केलेल्या आबाजींची मुलाखत. मी अठरा प्रश्न लिहून नेले होते. पहिलाच विचारला, गाडी कधी सुरू झाली? आबाजी म्हणे, "मी काय त्या वख्ताले होतो काय रे बापा?" सगळे हसले, मीच तेवढा पुढच्या प्रश्नावर. अठरा संपले तसा मी हातानं कट सांगितलं, कॅमेरावाल्यानं बॅटरीसुद्धा काढली. अन् मग आबाजी उठले, आपली काठी घेतली, गवतात दबलेल्या रुळांवर आडवी ठेवली. बरोब्बर बसली. अडीच फूट! काठी त्याच मापाची कापलेली, "सायेब नसला तरी माप खिशात पायजे, पण येवढं खिशात मावत नाई," म्हणत काठीनं रुळावर दोनदा टकटक केलं. आम्ही चौघंही नुसते बघत उभे. शॉट गेला.

यष्टीत चढण्याआधी मी कॅमेरावाल्यावर ओरडलो, बॅटरी काढायची काय घाई होती म्हणून. तो शांतपणे म्हणाला, कट कोण म्हटलं?

आत्ता जेवण झाल्यावर अमरावतीच्या मैत्रिणीनं ग्रुपवर ऑडिओ टाकला. तिनं मोबाइल बंदच केला नव्हता. चौदा मिनिटं आहे, लिहून काढायला दोन तास गेले, वारा लय आहे, मध्ये कोंबडा पण आहे, पण ती टकटक एकदम स्वच्छ. फोटो नाही तर नाही, उद्या परत जाऊन काठीचा शॉट घेता येतो का ते आबाजींना विचारू, पुन्हा तेच बोलायला लावायचं नाही मात्र, आवाज हाच ठेवायचा.

ऐकताना अजून एक सापडलं. आबाजी स्वतःला "चाबीवाला" म्हणतात. मी आपल्या मनानं फाटकाची चावी समजून नावाच्या पट्टीवर 'गेटकीपर' लिहून ठेवलं होतं. मैत्रिणीचे काका रेल्वेत, तिनं लगेच त्यांना फोन लावला. रूळ धरून ठेवणाऱ्या चाब्या रोज पायी फिरून बघायच्या, ढिली दिसली की हातोडीनं ठोकायची, तो चाबीवाला.

पट्टी बदलली. कॅमेरावाल्याला सॉरीचा मेसेज टाकलाय, निळ्या टिका आल्या, रिप्लाय नाही अजून.