आजी माझे नाव विचारत नाहीत

आज दुपारी आजी सिस्टरना म्हणाल्या, "त्या मुलीला पाठवा, हल्ली येते ती." हल्ली येते ती म्हणजे मी, या वृद्धनिवासात शिकायला आलेली विद्यार्थिनी. आजी इथल्या रहिवासी. सिस्टरनी निरोप दिला, मी वही घेऊन गेले, काम नेहमीसारखे झाले आणि तरीही संध्याकाळपासून ते वाक्य मनातून जात नाही. एवढ्या साध्या बोलण्याने इतके लागावे असे त्यात काही नाही, हे मला कळते. म्हणूनच लिहायला बसले आहे.

आजींची स्मरणशक्ती उत्तम आहे. कुणाची मुलगी कोणत्या वारी फोन करते आणि कोणत्या सिस्टरची रात्रपाळी कधी संपते, हे त्यांना पाठ असते. मागे एकदा डबीतली एक गोळी नेहमीपेक्षा किंचित लांबट दिसली, तेव्हा त्यांनी ती तळहातावर घेऊन खिडकीशी नेली, चष्मा वर सरकवून दोन्ही बाजूंनी न्याहाळली आणि कंपनी बदलली आहे का, हे विचारल्याशिवाय तोंडात घातली नाही. कंपनी खरोखरच बदलली होती. इतक्या बारकाईने पाहणाऱ्या माणसाला माझे नाव माहीत नाही. पहिल्या भेटीत मी ते सांगितले होते, त्या "बरं" म्हणाल्या आणि विषय तिथेच संपला. त्यांना विसर पडत असता तर मी समजून घेतले असते. स्मृतिभ्रंशाबद्दल, दिवस कलताना वाढणाऱ्या गोंधळाबद्दल, चुकीचे बोलणे खोडून न काढता त्यामागच्या भावनेला उत्तर कसे द्यावे याबद्दल आम्हाला पुष्कळ शिकवले आहे. लख्ख आठवण असलेल्या माणसाने आपल्याला लक्षात ठेवण्याचे टाळले तर काय करायचे, यावर एकही तास झाला नव्हता.

मला बोचते ते असे की माझ्याकडे त्यांची अख्खी फाईल आहे. सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 साली मांडलेली सहा गोष्टींची यादी आम्ही प्रत्येक रहिवाशासाठी भरतो: आंघोळ, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, पलंगावरून किंवा खुर्चीवरून उठणे-बसणे, मलमूत्रावरचा ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे. या सहा प्रश्नांची उत्तरे सख्ख्या मुलांनाही धड माहीत नसतात. आजी रात्री किती वेळा उठतात, कोणता गुडघा आधी साथ सोडतो, न्हाणीघरातला दांडा त्या कोणत्या हाताने धरतात, हे सगळे मी जाणते. एका बाजूला एवढी जवळीक आणि दुसऱ्या बाजूला नावसुद्धा नाही, हा तोल मला आजवर खटकला नव्हता. आज खटकला.

निरोप होता चालण्याच्या चाचणीचा. हाताच्या खुर्चीत पाठ टेकून बसायचे, खूण झाली की उठायचे, नेहमीच्या चालीने 3 मीटर जायचे, वळायचे, परत येऊन बसायचे आणि आम्ही वेळ मोजायची. ही चाचणी 1991 सालापासून वापरात आहे आणि 12 सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला तर पडण्याच्या धोक्याकडे लक्ष द्यायचे, असा एक दंडक आहे. आकड्यापेक्षा मी आता वळणाकडे जास्त पाहायला शिकले आहे. आजी सरळ रेषेत झपझप चालतात, पण फरशीवरच्या चिकटपट्टीपाशी पोहोचल्या की एकाच जागी चार-पाच लहान पावले टाकत, एखादे जड कपाट सरकवावे तसे अंग फिरवतात आणि त्या क्षणी त्यांचा डावा हात भिंत शोधतो. बसल्यावर त्यांनी किती आले ते विचारले. मी सांगितले. त्या म्हणाल्या, "मागच्या मुलीच्या वेळी दोनने कमी होते."

म्हणजे मागची मुलगीही नुसती मुलगीच. आकडा लक्षात आहे, मोजणारी नाही. हे ऐकून क्षणभर बरे वाटले, कारण माझ्यात काही उणे नाही एवढे तरी सिद्ध झाले, पण लगेचच अधिक वाईट वाटले. मी इथे जीव ओतून काम करते, अशी माझी समजूत आहे. आधीची मुलगीही तशीच करत असणार. दोघी मिळून आम्ही आजींच्या हिशेबात एक घड्याळ धरणारा हात आहोत आणि तो हात दर काही महिन्यांनी बदलतो.

वरच्या मजल्यावरच्या खोलीत आज नवीन रहिवासी आले. त्याबद्दल आज लिहिणार नाही.

मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांचा सिद्धांत मी परीक्षेत अगदी आवडीने लिहिला होता. आपल्यापुढे वेळ थोडा उरला आहे अशी जाणीव झाली की माणूस ओळखी वाढवण्याऐवजी कमी करतो, नवी माहिती आणि नवे परिचय यांपेक्षा ज्यांच्यात मन गुंतलेले आहे अशा मोजक्या माणसांना वेळ देतो आणि त्यात बहुतेक वेळा समाधानी असतो. वर्तुळ लहान झाले म्हणजे माणूस एकाकी पडला असे समजू नये, हा त्या मांडणीतला मला सर्वांत पटलेला भाग होता. वर्गात बसून वाचताना आपण नकळत आतल्या वर्तुळात उभे राहून वाचतो. ज्यांना त्या वर्तुळाबाहेर ठेवले जाते ती माणसेही खरी असतात आणि त्यांतली एक आपण असू शकतो, हे तेव्हा डोक्यातही आले नव्हते. त्याच सिद्धांतात असेही आहे की याचा वयापेक्षा उरलेल्या वेळेशी अधिक संबंध आहे आणि शेवट समोर दिसू लागला की तरुण माणसेही तसेच वागतात. माझाही इथला मुक्काम संपत आला आहे आणि हल्ली सकाळी आत आले की माझी पावले ज्या दोन-तीन खोल्यांत जीव अडकला आहे तिकडेच आधी वळतात. मग आजींकडून मी वेगळे काय मागते आहे?

मागते आहे हे मात्र खरे. त्यांनी एकदा नावाने हाक मारावी, एवढेच.

आणखी एक गोष्ट आठवते. जीवनकथा लिहून आणण्याचा आमचा एक स्वाध्याय असतो. रॉबर्ट बटलर यांनी 1963 साली असे मांडले की म्हातारपणी मागे वळून आयुष्याचा आढावा घेणे ही बुद्धीची घसरण नसून त्या वयाचे नैसर्गिक आणि गरजेचे काम आहे. त्याआधी अशा आठवणींकडे बरळणे म्हणून पाहिले जात असे. मोठ्या उत्साहाने मी आजींकडे कथा मागितली तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "ती मागच्यांनी लिहून नेली आहे, त्यांच्याकडून घे." मी तेव्हा दुसऱ्या रहिवाशांकडे गेले आणि स्वाध्याय पूर्ण केला. आज रात्री ते वाक्य वेगळेच ऐकू येते. आपले लग्न, आपली नोकरी, आपले गेलेले माणूस, हे सगळे त्यांनी विश्वासाने एका मुलीला सांगितले असेल, ती डोळे पुसत ऐकून गेली असेल आणि पुढच्या तुकडीतली मुलगी त्याच छापील प्रश्नांसह त्याच खुर्चीत येऊन बसली असेल. असे किती वेळा झाले असेल ते मला माहीत नाही. त्या कथा कुठल्या तरी महाविद्यालयाच्या कपाटात गुण मिळवून पडल्या आहेत आणि आजींजवळ त्यांची एक प्रतही नाही, याचा मला राग येतो. तो राग कुणावर काढायचा ते कळत नाही.

इथे काम करणाऱ्या ताईंना मी हे जेवणाच्या सुट्टीत सांगितले. ताईंची मुलगी दहावीला आहे हे आजींना माहीत आहे आणि कोणत्या विषयाचा पेपर कधी आहे हेही त्यांना ठाऊक असते. ताई म्हणाल्या, "मीसुद्धा वर्षभर 'अगं ए'च होते. मग बाळंतपणाच्या रजेवर गेले, परत आले, तेव्हा दारातच नावानं हाक मारली."

याच ताईंकडून मी कपड्यांचे काम शिकले. सकाळी आजी ब्लाऊजची बटणे लावत असतात तेव्हा ताई हात मागे बांधून उभ्या असतात. बोटांच्या टोकांची जाणीव मंद झाल्यामुळे बटण काजात शिरले की नाही हे आजींना स्पर्शाने कळत नाही. त्या मान खाली घालून, हनुवटी छातीला टेकवून पाहतात, बटण निसटते, त्या पुन्हा धरतात. बघणाऱ्याला ती वेळ फार लांबते. आपण लावून दिले तर क्षणात होईल, पण ताईंच्या म्हणण्याप्रमाणे आज आपण लावले की उद्या त्यांना जमत नाही आणि परवा त्या प्रयत्नही करत नाहीत. हे शहाणपण कोणत्याही फाईलमध्ये लिहिलेले नाही आणि ते अंगी आणायला हात आवरावे लागतात, जे मदतीच्या ओढीने इथे येणाऱ्या कुणालाही सर्वांत अवघड जाते.

आणि खुद्द आजींनी मला काय दिले तेही लिहायला हवे. वयाबरोबर उंच पट्टीचे ध्वनी आधी ऐकू येईनासे होतात, त्यामुळे ओरडून बोलले की आवाज चढतो आणि शब्द आणखीच फुटतात. हे पुस्तकात आहे, पण ते माझ्या गळ्यात बसवले आजींनी. "समोर ये, आवाज खाली घे, घाई करू नकोस," असे त्या अजूनही मधूनच सांगतात. मागच्या मुलीलाही त्यांनी हेच सांगितले असणार, तिच्या आधीच्या मुलीलाही. येणाऱ्या प्रत्येक परक्या मुलीला आपले गुडघे मोजू देणे, आपल्या शौचाबद्दलचे प्रश्न विचारू देणे आणि वर तिला नीट बोलायला शिकवणे, हे काम त्या मुकाट्याने करत आल्या आहेत. एवढे देऊन झाल्यावर नाव लक्षात ठेवण्याचे ओझे त्यांनी स्वतःकडे घेतले नाही, तर त्यात माझे काय हिरावले गेले, असे आता वाटू लागले आहे. अजून पुरते वाटत नाही, पण वाटू लागले आहे.

एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी 1976 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितला गेला. वृद्धनिवासातल्या एका मजल्यावरच्या लोकांना आपले निर्णय आपण घ्या असे सांगून स्वतः सांभाळायला रोपटे दिले, दुसऱ्या मजल्यावर रोपट्याची काळजी कर्मचाऱ्यांनी घेतली, आणि पहिला गट अधिक उत्साही व सावध राहिल्याचे आढळले. तेव्हापासून आम्ही निवडीचे फार बोलतो. कोणती साडी, कोणती खुर्ची, फिरायला आता की नंतर, असे पर्याय आम्ही मनापासून पुढे ठेवतो. आज लक्षात आले की या सगळ्या निवडी आम्हाला परवडणाऱ्या आहेत, त्यांपैकी एकीचीही झळ आम्हाला लागत नाही. आजींनी जी निवड केली ती आम्ही पुढे ठेवलेली नव्हती. कुणाला जवळ करायचे हे त्यांनी स्वतःच ठरवले. जिथे दार वाजवून उत्तराची वाट न पाहता लोक आत येतात, तिथे एवढे एक दार त्यांनी आपल्या हातात ठेवले आहे. माझ्यासाठी ते उघडले नाही म्हणून ते चुकीचे ठरत नाही. हे लिहिताना दुखते, पण त्यातले काहीही खोडावेसे वाटत नाही.

आईला आज फोन करायचा होता. उद्या करेन, तिथेही बरेच काही राहिले आहे.

पुढच्या तुकडीसाठी उद्या माहिती लिहून द्यायची आहे. आजींच्या पानावर लिहीन: उजव्या कानाकडून आणि खालच्या पट्टीत बोलावे, वळताना डाव्या बाजूला उभे राहावे, पण हात धरू नये, बटणे त्यांची त्या लावतात, गोळी बदलली तर आधी सांगावे, त्या अचानक असंबद्ध बोलू लागल्या तर वय झाले म्हणून सोडून न देता लगेच सिस्टरना कळवावे, कारण लघवीचा संसर्ग किंवा पाणी कमी पडणे अशा साध्या कारणानेही तसे होऊ शकते. आपण कधी जाणार आहोत ती तारीख पहिल्याच भेटीत सांगावी, हेही लिहीन. आधीच्या मुलींनी नेलेल्या जीवनकथा परत मागवून एक प्रत इथे ठेवता येईल का, हे मॅडमना विचारायचे आहे. मॅडम दहा वाजता येतात. त्यांच्याकडे जाण्याआधी आजींकडे जायला हवे, कारण ती कथा इथल्या कपाटात असावी की आपल्या उशाशी, की कुठेच नसावी, हे त्याच सांगू शकतील.