वाघळं मोजायची परवानगी

मोजणीला संध्याकाळचा एखादा तास पुरतो. परवानगीत आमचा अख्खा शिमगा गेला.

वाईच्या बाजूला एका सोडून दिलेल्या बोगद्यात फळं खाणाऱ्या वाघळांच्या माद्या पिल्लं घालायला जमतात. एकीला एकच पिल्लू, मार्चच्या सुमारास. ती पिल्लं उडायच्या आत पहिली मोजणी झाली तरच आकड्यात नुसती मोठी वाघळं येतात. पिल्लं सुटली की आकडा फुगतो. त्या फरकावरून हंगाम कसा गेला ते कळतं. म्हणून घाई.

पहिल्या कार्यालयात उत्तर मिळालं, जागा आमची नाही. दुसरं म्हणालं, बोगदा आमच्या दप्तरी दिसत नाही, आणि वाघळं तर आमची नाहीतच. परत पहिल्याकडे. अर्ज आवकला पडला, पोच मिळाली, साहेब दौऱ्यावर. मग कुणीतरी निपाह विषाणूचा विषय काढला. २०२० साली महाबळेश्वरच्या गुहेत पकडलेल्या वाघळांत निपाहची प्रतिपिंडं सापडली होती, हे खरंच. पण आम्ही आत पाऊलच टाकणार नव्हतो! माणूस आत शिरला की माद्या बिथरतात, पिल्लं खाली पडतात. अर्जात हे ठळक लिहिलं होतं. तरी शेरा आला: ‘आत प्रवेश करताना घ्यावयाच्या दक्षतेबाबत खुलासा सादर करावा.’ खुलासा दिला, की प्रवेश नाही. त्यावर ‘उद्देश स्पष्ट होत नाही.’

टेबलावरच्या बाई म्हणाल्या, “अहो दादा, उपद्रवी प्राणी मोजून करायचंय काय?” १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उंदीर-कावळ्यांच्या यादीत ही वाघळं होती खरी, पण २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. दुरुस्तीची प्रत त्यांनी फाइलला लावली. वाचली नाही.

गाडं हललं ते सातबाऱ्याने. तुम्ही आधी तोच काढा, मग अर्ज. मालक कागदावर दिसल्यावर टोलवाटोलवी थांबली आणि पत्र मिळालं, तेही पिल्लं आयांना बिलगलेली असतानाच.

मोजणीचं काय, सोपं आहे. सूर्यास्ताआधी बोगद्याच्या तोंडापासून लांब, उजळ आकाश समोर येईल असं बसायचं. बाहेर पडणारी वाघळं मोजायला दोघांच्या हातात मोजणीयंत्र, बॅटरी लागलीच तर लाल कागद लावून. परत आत शिरणारी वजा करायची, हे विसरू नका. पावसाच्या दिवशी जाऊ नका. पडलेलं पिल्लू दिसलं तर उघड्या हाताने उचलू नका. अंधार पडताना आतून टकटक येते ती त्यांच्या जिभेची. जिभेच्या आवाजाच्या पडसादावर वाट काढणारी फळखाऊ वाघळं हीच.

दुसऱ्या मोजणीला वेगळा अर्ज लागेल म्हणतात. तो पहिल्या मोजणीच्या दुसऱ्याच सकाळी आवकला टाकून आलोय, सातबाऱ्यासकट.