परत गेलेली गुच्छी

लग्नाच्या पुलावासाठी चार किलो सुकी गुच्छी आली. हॉटेलच्या स्टोअरमध्ये आलेला माल तपासून घेणं हे माझं काम. ही काळपट अळंबी हिमाचल-काश्मीरच्या देवदार आणि कैलच्या जंगलांत, बर्फ वितळलं की उगवते. गावची माणसं डोंगर तुडवून वेचतात, दोऱ्यात ओवून सुकवतात. आमच्याकडे येईस्तोवर भाव किलोला वीस हजारांच्या पुढे. मग पोकळीतून माती निघते, खडे निघतात, तारेचे तुकडेसुद्धा. परचेसवाल्यांना फक्त दर दिसतो.

मी मूठभर गुच्छी कोमट पाण्यात भिजवते आणि एकेक उभी चिरते. देठापासून शेंड्यापर्यंत आत एकच सलग पोकळी हवी, टोपीची खालची कड देठाला जुळलेली, वर मधाच्या पोळ्यासारखे खड्डे. त्या दिवशी काही तुकडे हाताला वेगळे लागले. खड्डे नव्हतेच, नुसत्या वळकट्या. आत कप्पे कप्पे. ती गुच्छी नव्हती, जायरोमिट्रा नावाची विषारी अळंबी होती. तिच्यातल्या विषापासून पोटात मोनोमिथाइल हायड्राझिन तयार होतं, जे रॉकेटचं इंधन म्हणून वापरतात. काही तासांनी उलट्या सुरू होतात, पुढे यकृतावर बेततं, झटके येतात.

शेफ म्हणाले, "फिनलंडमध्ये खातात की! शिजवलं की जातं." खातात, पण भरपूर पाण्यात दोनदा उकळून आणि दोन्ही वेळचं पाणी ओतून देऊन. आमचे शेफ गुच्छी भिजवलेलं पाणी गाळून पुलावात घालतात, चव त्यातच असते म्हणून. आणि विषही त्याच पाण्यात उतरतं! शिकलेल्या माणसाला हे किती वेळा सांगायचं?

सगळा माल नाकारला. आमच्या रिटर्न चलनावर कारणाच्या रकान्यात 'दर्जा योग्य नाही' एवढंच छापलेलं असतं. मी खाली पेनने 'विषारी अळंबी मिसळलेली' असं लिहिलं. माल इथेच नष्ट करू, अन्न व औषध प्रशासनाला कळवू, असं मॅनेजरना म्हटलं. "पैसे दिलेले नाहीत, माल व्यापाऱ्याचा आहे. आपण कोण फेकणार? आणि ऐन लग्नसराईत हॉटेलचं नाव कशाला गोवायचं?" टेम्पो आला, पेट्या चढल्या.

मला राहवेना. आठवड्याने व्यापाऱ्याला फोन केला, त्या मालाचं काय केलंत?

"गेला तो, मॅडम."

"फेकलात?"

"फेकायला काय कांदे आहेत? दुसरीकडे खपला. तुमच्यासारखं चिरून कोण बघतं?"

मॅनेजरना हे जसंच्या तसं सांगितलं. त्याच व्यापाऱ्याचं नवं कोटेशन परचेसने कालच मंजूर केलंय. दर थोडा कमी आहे म्हणे.