मांस १६०वर अडकलं की विस्तवाला हात लावू नका

स्मोकरमधे, म्हणजे कोळसा आणि लाकडाच्या धुरावर मांस मंद शिजवायच्या उपकरणात, करायच्या पोर्क शोल्डरच्या (डुकराच्या खांद्याच्या) बहुतेक पाककृती पौंडाला दीड तास असा हिशोब देतात आणि मोकळ्या होतात. आठ पौंडांचा तुकडा, म्हणजे बारा तास. सकाळी सहाला चढवा, संध्याकाळी सहाला पानं मांडा. मधे मांसाचं तापमान १५० ते १७० अंशांच्या दरम्यान कुठेतरी ठाण मांडून बसतं आणि तीन-चार तास, कधी त्याहूनही जास्त, हलत नाही, हे मात्र एका ओळीत उरकलेलं असतं किंवा नसतंच. (सगळे अंश फॅरेनहाइट, कारण अमेरिकेत उपकरणं त्यातच मिळतात. २२५ म्हणजे १०७ सेल्सिअस.) पाहुणे येऊन बसतात, थर्मामीटर १६०च दाखवत राहतो, आणि मग माणूस नको तेच करतो: स्मोकरचे खालचे व्हेंट (हवेची झडपं) उघडून विस्तव वाढवतो.

माझा सगळा राग या टप्प्यावर आहे, म्हणून आधीचं भराभर सांगतो.

स्मोकर १८ इंची, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा. तळाला कोळशाचं कडं, वर पाण्याचं भांडं, त्यावर दोन जाळ्या. व्हेंट तीन खाली आणि एक झाकणावर, कोळशापर्यंत पोचायला बाजूला एक दार. कडं न पेटवलेल्या ब्रिकेटनी (कोळशाच्या भुकटीच्या एकसारख्या वड्यांनी) भरायचं, मधे खळगा करायचा आणि चिमणीत (कोळसे पेटवायच्या पत्र्याच्या नळकांड्यात) फुलवलेले वीस-पंचवीस निखारे त्यात ओतायचे. एकाचा विस्तव दुसऱ्याला लागत जातो आणि कोळसा तासन्‌तास पुरतो. बार्बेक्यू स्पर्धांत उतरणाऱ्या जिम मिनियनच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. हिकरी किंवा सफरचंदाच्या लाकडाचे मुठीएवढे चार तुकडे कोळशातच खुपसायचे. ते भिजवू नका, पाणी उडून जाईपर्यंत लाकूड नीट पेटतच नाही. सुरुवातीचा दाट पांढरा धूर जाऊन विरळ, निळसर धूर यायला लागला की मांस ठेवायचं. लंप कोळसा, म्हणजे लाकडाचा साधा कोळसा, जास्त तापतो आणि राख कमी करतो, पण तुकडे लहानमोठे असल्याने एकसारखा जळत नाही. लांबच्या कामाला ब्रिकेटच.

झाकणावरचा व्हेंट कायम पूर्ण उघडा. तो बंद केला की धूर आत कोंडतो आणि मांसावर कडू थर बसतो. तापमान खालूनच सांभाळायचं. जाळीजवळ २०० अंश दिसले की खालचे दोन व्हेंट बंद करा, तिसरा पाव उघडा ठेवा. २२५ची वाट बघत बसलात तर स्मोकर सहज २७५ गाठतो. तापलेलं खाली आणणं हे चढवण्यापेक्षा कितीतरी अवघड, कारण तोवर हवे तेवढ्याहून जास्त कोळसे पेटलेले असतात. व्हेंट हलवल्यावर पंधरा-वीस मिनिटं पुन्हा हात लावायचा नाही. झाकण उघडू नका, हे वेगळं सांगायला नको. उघडलं की वरची गरम हवा निसटते, खाली भरपूर ताजी हवा मिळून कोळसे फुलतात, आणि झाकण लावल्यावर तापमान पूर्वीपेक्षा वर जातं.

आता मूळ दुखणं. इकडे त्याला ‘स्टॉल’ म्हणतात. मांस तापलं की आतलं पाणी पृष्ठभागावर येतं आणि तिथून उडायला लागतं. उडताना ते उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं तसंच हे, फक्त खूप वरच्या तापमानाला. जाळीवर २२५ची हवा खेळत असते, पण ती जेवढी उष्णता देते जवळजवळ तेवढीच बाष्पीभवनात जाते. चरबी वितळते म्हणून किंवा कोलॅजनचं जिलेटिन होतं म्हणून मांस अडकतं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. ग्रेग ब्लॉन्डर या भौतिकशास्त्रज्ञाने ते तपासायला पाण्यात भिजवलेला स्पंज आणि नुसत्या चरबीचा गोळा तापवून पाहिला. स्पंज अडकला, चरबी सरळ तापत गेली.

तरीही १६० दिसलं की लगेच स्टॉल समजू नका. याच सुमारास, पाच-सहा तासांनी, दुसरी भानगड होऊ शकते: राख साठून खालचे व्हेंट बुजतात आणि विस्तव खरोखरच मंदावतो. म्हणून थर्मामीटरचे दोन प्रोब (तापमान मोजणाऱ्या सळया) हवेत. एक मांसाच्या मध्यात, हाडाला न टेकता. दुसरा जाळीवर, मांसापासून दोन इंच दूर. जाळीवर २२५ ते २५० असेल तर विस्तव ठणठणीत आहे, अडकलंय ते मांस. जाळीवर २०० किंवा कमी असेल तर दोष राखेचा. स्मोकरच्या पायांवर हलकेच टकटक करा, दारातून सळईने कोळसे हलवून राख खाली पाडा. तेवढ्याने भागलं नाही तर चिमणीत फुलवलेले निखारे दारातून घाला. या वेळी कच्चे ब्रिकेट टाकलेत तर आधी विस्तव दबतो आणि मग धूर होतो.

विस्तव ठीक असताना तो वाढवला तर काय होतं? मांस लगेच हलत नाही, म्हणून आपण आणखी एक व्हेंट उघडतो. अर्ध्या-पाऊण तासाने जाळीवर ३०० दिसतात, भांड्यातलं पाणी झपाट्याने आटतं. पाणी असेपर्यंत भांडं २१२च्या वर जात नाही आणि बरीच उष्णता शोषून घेतं. ते कोरडं पडलं की तो लगामही सुटतो. मांसाला चोळलेल्या मसाल्यातली साखर करपते, कडा वाळतात, मधला भाग मात्र मागेच.

वाट बघायची नसेल तर मांस गुंडाळा. बाहेरची साल, म्हणजे मसाल्याचा वाळलेला थर, गडद झाली आणि नखाने खरवडून निघेना की वेळ झाली, बहुधा १६० ते १७०च्या मधे. जाड अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे दोन थर, घट्ट, आत हवा न ठेवता. बाष्पीभवन थांबतं आणि आकडा पुन्हा चढतो. साल थोडी मऊ पडते, ती किंमत. बुचर पेपरमधे (मांस गुंडाळायच्या जाड कागदात) साल चांगली राहते, पण वेळ तेवढा वाचत नाही. गुंडाळल्यावर धूर आत जातच नाही, त्यामुळे पुढचं २५०च्या ओव्हनमधे केलं तरी चालतं. यावर नाकं मुरडणारे भेटतील, मुरडू द्या.

१९५ ते २०५च्या मधे सळई कुठेही न अडखळता आत गेली आणि हाड हलवल्यावर सुटलं, की झालं. मग गुंडाळलेलं मांस टॉवेलमधे लपेटून रिकाम्या कूलरमधे (बर्फ ठेवायच्या पेटीत) ठेवा. कमीत कमी एक तास ठेवायचंच, पण तीन तास ठेवलं तरी ते १४०च्या बऱ्याच वर, म्हणजे खायला सुरक्षित, राहतं. पाहुण्यांचा प्रश्न इथेच सुटतो: जेवणाच्या तीन तास आधी मांस तयार होईल असा हिशोब करा, पौंडाला दोन तास धरून. आठ पौंडांचा तुकडा संध्याकाळी सहाला जेवायला हवा तर आदल्या रात्री अकराला मांस जाळीवर.

झाकणावरच्या थर्मामीटरबद्दल आधीच लिहायला हवं होतं. तो घुमटाचं तापमान सांगतो, जाळीचं नाही, आणि दोन्हींत २५ अंशांचा फरक सहज पडतो. प्रोबही तपासून घ्या: बर्फाच्या पाण्यात ३२, उकळत्या पाण्यात २१२. डेन्व्हरसारख्या उंच गावात पाणी साधारण २०२लाच उकळतं, तिथे प्रोबला दोष देऊ नका.

वारा थेट व्हेंटमधे शिरत असेल तर व्हेंट कितीही लहान केला तरी विस्तव आटोक्यात येत नाही. आडोसा करा, उघडा व्हेंट वाऱ्याच्या पाठीमागे ठेवा. नवा स्मोकर दाराच्या फटींतून हवा ओढतो, त्यामुळे जास्त तापतो. तिथे उष्णता सोसणारी गॅस्केट (फट बुजवायची पट्टी) लावा, नाहीतर तेलकट काजळी जमून फटी बुजेपर्यंत चालवून घ्या.

चिकनला ही सगळी कटकट नाही. १६५ला काम संपतं, पण २२५वर कातडी रबरासारखी होते. पाण्याचं भांडं रिकामं ठेवा आणि ३००च्या वर जा.

काम झालं की वरखालचे सगळे व्हेंट बंद करा. विस्तव हवेविना विझतो, पण राखेला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. उरलेले ब्रिकेट झटकून पुढच्या वेळी नव्यांमधे मिसळून चालतात.