गाडी बाजूला घेता का?

जुन्या नाशकात तिवंधा चौकाजवळच्या एका बोळात सागवानी दार आहे. वर गणेशपट्टी, चौकटीला वेलबुट्टी, कडीखालचं लाकूड पिढ्यान्‌पिढ्यांचे हात लागून काळं तुकतुकीत झालेलं. दुपारी चारच्या सुमारास समोरच्या पत्र्यावरून ऊन घसरत येतं आणि पाच-सात मिनिटं नेमकं त्या चौकटीवर थांबतं. त्या चौकटीसमोर, उंबरठ्याला चाक टेकवून, ॲक्टिव्हा. करडी. फाटक्या सीटवर खाकी चिकटपट्टी, हँडलला पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी कोथिंबीर.

मला फोटोत गाडी चालत नाही. का, ते विचारू नये. काहींना पोह्यात मटार चालत नाहीत, तसंच हे.

बदलीवर आल्यापासून रोज पायी भटकतो, गळ्यात छोटा कॅमेरा. नवीन गाव असल्याने कुणी ओळखत नाही, त्यामुळे भर रस्त्यात थांबून भिंतीकडे बघायला लाज वाटत नाही. पण या गावात बिनगाडीचं काही दिसेल तर शपथ! नारोशंकराच्या देवळावरची घंटा घ्या. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हाची, पोर्तुगिजांकडून आलेली. एवढी ऐतिहासिक वस्तू वर टांगलेली, आणि खाली फ्रेममध्ये कुणाची तरी बुलेट. गोदेच्या पात्रातला दुतोंड्या मारुती तर पार्किंगचा रखवालदारच वाटतो. पुराचं पाणी त्याच्या कमरेला लागलं की गाड्या पळतात. माझ्या सोयीचा तेवढाच एक दिवस, पण त्या दिवशी तिथे कोण उभं राहू देणार?

फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीच्या काळातला फ्रेंच माणूस दागेर. त्याने 1838 मध्ये खिडकीतून पॅरिसच्या एका रस्त्याचा फोटो घेतला. एक्स्पोजर काही मिनिटांचं, त्यामुळे चालती-फिरती माणसं, घोडागाड्या सगळं विरून गेलं. बूट पॉलिश करून घ्यायला एक जण थांबला होता, तेवढा उमटला. हे वाचल्यापासून मला त्या दागेरचा हेवा वाटतो. अर्थात ॲक्टिव्हा तिथेही आलीच असती. ती कुठे हलते?

तर मी कडी वाजवली. गाऊनवर ओढणी घेतलेल्या एक काकू आल्या.

"काकू, गाडी जरा बाजूला घेता का? दाराचा फोटो काढायचाय."

त्यांनी मला वरून खाली पाहिलं, मग कॅमेऱ्याला पाहिलं.

"महापालिकेकडून आलात का?"

"नाही हो, सहज."

"मग बिल्डरकडून?"

पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या वाड्यांना धोकादायक म्हणून नोटिसा येतात, हे मला ऐकून माहीत होतं. पण दाराकडे कौतुकाने बघणारा माणूसही त्यांना तसलाच दिसणार, हे डोक्यात आलं नव्हतं. दोन्हीकडचा नाही म्हटल्यावर त्या सैल झाल्या. "आधी सांगायचं ना, सकाळी रांगोळी होती," म्हणाल्या, आणि आतून फडकं आणून गाडीची सीट पुसायला लागल्या. फोटो गाडीचाच आहे असा त्यांचा समज झाला असावा. तोवर ऊन कौलांवर चढलं होतं. मी गाडीसकट दोन फोटो काढले, त्यांना दाखवले. "मुलीला पाठवा," म्हणाल्या.

फ्रेम साफ करायची ही खोड माझी एकट्याची नाही, मामाकडून आलेली आहे. त्याच्याकडे आग्फा क्लिक थ्री होता. रोलमध्ये फोटो बारा, त्यामुळे एकेक फोटो म्हणजे मुंजीइतकी तयारी. बार्शीच्या अंगणात सगळे उभे राहिले की मामा एकेक वस्तू हलवायला सुरुवात करी. बादली आत. वाळत घातलेलं धोतर आत. भिंतीला टेकलेली सायकल मागच्या बोळात. तुळशीची कुंडीसुद्धा उचलून कडेला. मग ऊन पाठीशी घेऊन, श्वास रोखून, "हलू नका!" आम्ही उन्हात डोळे बारीक करून उभे. फोटोत आज आहे काय, तर कोरी भिंत आणि डोळे मिटलेली आठ माणसं. मी परवा भिंग घेऊन बसलो, सायकलचं एखादं चाक तरी दिसतं का बघायला. मामाचं काम चोख होतं.

शेवटी आईला फोन लावला. सायकल कुठली होती, ॲटलस की हर्क्युलिस?

"सायकलचं काय घेऊन बसलास," आई म्हणाली. "दादाने तुळस हलवली ना, ती काही पुन्हा नीट लागली नाही. फोटोपायी."

मामाला जाऊनही बरीच वर्षं झाली. आई अजून रागावलेली आहे.