तिसरी डबी

माझ्या झोळीत स्टीलच्या तीन डब्या असतात, कुंकवाच्या करंड्याएवढ्या. एकीत कांदा-लसूण चटणी, दुसरीत भाजलेले तीळ, तिसरीत खडे मीठ. कोल्हापुरात खाद्यफेरी सुरू करताना बिंदू चौकात पाहुण्यांना सावलीला उभं करायचं, डोळे मिटायला लावायचे आणि एकेक डबी नाकाखाली धरायची. चटणीला सगळे "आहाहा" करतात, तिळाशी जरा अडखळतात आणि मिठाशी पार गोंधळतात, कारण मिठाला वासच नसतो. मग हशा पिकतो आणि परकी माणसं मोकळी होतात. कोरोनाची दोन वर्षं सोडली तर हा खेळ मी कितीतरी वेळा केलाय. फसला एकदाच.

२०२२ च्या एप्रिलमधला शनिवार होता. पाहुणे दोघंच, ठाण्याचं एक जोडपं, पंचावन्नच्या पुढचं. दुपारी चारला सुरुवात, रात्री महाद्वार रोडजवळच्या लॉजवर मुक्काम, रविवारी सकाळी मिसळ खाऊन निरोप. सगळं पायी. ही अट काकूंची होती. फोनवर त्या म्हणाल्या होत्या, "चालल्यावर भूक लागते ना हो?" मी हसून हो म्हटलं. त्या प्रश्नात काही होतं, ते तेव्हा लक्षात आलं नाही.

काकांनी डोळे मिटले. चटणीला म्हणाले, "वा!" तिळाला म्हणाले, "वा, छान!" तिसरी डबी धरली तर जरा जास्तच वाकून त्यांनी श्वास ओढला आणि म्हणाले, "ही खमंग आहे. तिन्हींत हीच जास्त आवडली."

सवयीप्रमाणे मी हसले. माझ्याशिवाय कुणी हसलं नाही. काकू पर्सच्या चेनशी चाळा करत खाली बघत होत्या.

लक्ष्मीपुरीकडे वळलो तेव्हा काका दुकानांच्या पाट्या वाचत पुढे गेले आणि काकू माझ्याजवळ सरकल्या. "अकरा महिने झाले. गेल्या मे महिन्यात कोरोना झाला, त्यात वास गेला. मधे तीनेक महिने भलतंच व्हायचं, कांदा फोडणीला टाकला की रबर जळल्यासारखा वास यायचा म्हणे. आता तोही नाही. काहीच नाही." त्यांनी पर्स उघडून दाखवली. आत होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या असतात तशा चार बाटल्या, वर चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेलं : गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. डॉक्टरांनी सांगितलेला नाकाचा व्यायाम. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली हुंगायची आणि तो वास आठवायचा. "कुणाला सांगू देत नाहीत. कुणी विचारलं तर मस्त म्हणतात. फेब्रुवारीत गॅसचं बटण अर्धवट राहिलं होतं, हे तिथंच पेपर वाचत बसलेले. मी बाजारातून आले म्हणून बरं."

सिलिंडरमधल्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून तो उग्र वास मुद्दाम मिसळतात. ज्याला तोच येत नाही, त्याच्या घरात बायको बाजारात जाताना दहादा मागे वळून बघणार, हे उघड आहे.

"मग इथं कशाला आणलंत?" मी जरा फटकळपणेच विचारलं.

"घरी जेवण म्हणजे परीक्षा झालीय. मी ताट वाढते आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसते. सात किलो वजन उतरलंय. आणि हाच माणूस तीस वर्षं माझ्या आमटीला रोज नावं ठेवायचा. हिंग कमी, गूळ जास्त, कोकम जुनं. आता काहीच म्हणत नाहीत. ते ऐकवत नाही मला."

मी गप्प झाले. माझं सगळं बोलणं वासावर उभं आहे, हे त्या दहा पावलांत कळलं. 'दरवळ', 'खमंग', 'फोडणीचा घमघमाट' ही माझी रोजची भांडवलाची नाणी, आणि इथं एकही चालणार नव्हतं. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मटणाच्या रश्शात असतो तो भरीव उमामी, एवढंच कळतं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ती तोंडातून घशामागच्या वाटेने नाकात जाते. लहानपणी एरंडेल पाजताना आई नाक दाबून धरायची, त्यामागचं शास्त्र हेच.

एप्रिल म्हणजे आमच्याकडे वर्षाची चटणी करायचे दिवस. कांडपयंत्रांपुढे डबे घेतलेल्या बायकांच्या रांगा असतात. रंगाला ब्याडगी मिरची, तिखटाला संकेश्वरी, आणि प्रमाण प्रत्येकीचं वेगळं, तिच्या सासूकडून आलेलं. एरवी मी पाहुण्यांना रस्त्याच्या पलीकडूनच दाखवते, कारण आत गेलं की माणूस खोकून बेजार होतो. त्या दिवशी काका सरळ आत शिरले. लोखंडी मुसळं धाडधाड वर-खाली होत होती, कांडणारा तोंडाला टॉवेल बांधून उखळातली चटणी हलवत होता आणि हवेतच लालसर धूळ होती. काका दोन मिनिटं उभे राहिले असतील. मग शिंकले. पुन्हा शिंकले. मी मोजल्या, नऊ शिंका. डोळ्यांतून पाणी, नाक लाल, आणि चेहऱ्यावर असं काही की रांगेतली एक मावशी म्हणाली, "बाहेर घ्या हो पावण्यास्नी, भोवळ ईल."

काकू धावल्या. "आला? वास आला?"

"नाही गं." रुमालात नाक धरून काका म्हणाले. "वास नाही. नुसतं झोंबतंय." मग माझ्याकडे वळून, "ताई, मला वास येत नाही. अकरा महिने. पण हे झोंबलं बघा! नाक आहे जागेवर." आणि पुन्हा आत जाऊन उभे राहिले.

मी नंतर वाचलं. तिखटाची झोंब हा वासही नव्हे आणि चवही नव्हे. तोंडात, नाकात, डोळ्यांत भाजल्याची वर्दी देणारी मज्जातंतूंची वेगळीच वाट आहे, तिच्यावरून ती मेंदूत जाते. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णतेच्या ग्राहकालाच फसवतं, हे डेव्हिड ज्यूलियस यांनी शोधलं आणि २०२१ च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा त्यासाठीच होता. लक्ष्मीपुरीत हे काही माहीत नव्हतं. एवढंच कळलं की ह्या माणसाला दाखवण्यासारखं गावात अजून बरंच आहे.

मी आखलेल्या आठ ठिकाणांतली तीन तिथल्या तिथे काढून टाकली. बासुंदी गेली, वेलचीवर चालणारं सगळं गेलं. खासबाग ठेवली. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं ते कुस्तीचं मैदान मी एरवी सविस्तर दाखवते. त्या दिवशी ओझरतं दाखवलं आणि भेळेच्या गाडीवर गेलो. काका कागदातली भेळ तोंडात टाकून चावायचे थांबले. "चुरमुरे सादळलेत."

गाडीवाला उखडला. "आत्ता पोतं फोडलंय, काका."

"वरचे ताजे आहेत. खालचे कालचे मिसळलेत तुम्ही. आवाज दोन प्रकारचा येतोय."

गाडीवाल्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पोत्याकडे, आणि काही न बोलता दुसरी भेळ कालवली. जादा कैरी घालून. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. आमटीला नावं ठेवणारा माणूस परत आला होता, कानाच्या वाटेनं का होईना.

रात्री खानावळीत तांबडा-पांढरा रस्सा. इथं मी एकदा चुकलेच. पांढऱ्याची वाटी पुढे आल्यावर सवयीनं तोंडातून गेलं, "आधी नुसता वास घ्या." जीभ चावली, पण काकांनी वाटी काकूंपुढे सरकवली. "तू घे. सांग."

काकूंनी वाटीवर वाकून सांगायला सुरुवात केली. "खोबऱ्याचं दूध. मटणाचं पाणी, पण उग्र नाही. मिरी. आणि दालचिनी आहे."

"दालचिनी की वेलची? तुला कधी फरक कळलाय?"

"मग तुम्ही सांगा!"

"मला आलं असतं तर तुला विचारलं असतं का?"

शेजारच्या टेबलावरची दोन पोरं थांबून ऐकायला लागली. काका-काकू त्या वाटीवरून पंधरा मिनिटं भांडले, आणि भांडता भांडता काकांनी पाच वाट्या संपवल्या. त्यांचं म्हणणं असं, की तांबडा नुसता पेटवतो, पांढरा जिभेवरून सरकतो. मटण शिजवलेल्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू वाटून घालतात, त्याचा तो गुळगुळीतपणा. इतकी वर्षं मी पांढऱ्याबद्दल बोलतेय, पण 'सरकतो' हा शब्द मला सुचला नव्हता.

पहाटे साडेपाचला पापाच्या तिकटीवरून गंगावेशीत गेलो. दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या होत्या. गवळी ओळखीचा. त्याने पेला खाली धरला, दुधाची धार थेट पेल्यात पडली आणि फेस काठावर चढला. हे कच्चं दूध असतं, पोट नाजूक असेल तर पिऊ नका, असं मी प्रत्येकाला आधी सांगते. काकांनाही सांगितलं. त्यांनी पेला दोन्ही हातांत धरला, गालाला लावला, मग प्याले. मिशीला फेस तसाच.

"कोमट आहे," काकूंना म्हणाले, "पण तापवलेल्या दुधासारखं नाही. अंगाचं ऊन आहे. हात लाव." काकूंनी पेल्याला हात लावला. म्हशीने शेपटी झाडली, ती काकांच्या खांद्यावर बसली. ते हलले नाहीत.

मिसळ खाल्ली. ब्रेडचा तुकडा कटात किती वेळ बुडवला तर मऊ होतो पण तुटत नाही, ह्यावर काकांनी प्रयोग केले. ते लांबवत नाही. कट दोनदा मागितला, एवढं पुरे.

निघताना ते म्हणाले, "ताई, त्या डब्या द्या जरा."

झोळीतून काढून दिल्या. मनात म्हटलं, आता कसं सांगायचं. त्यांनी झाकण उघडलं नाही. एक डबी कानाजवळ नेऊन हलवली. काहीच वाजलं नाही. "ही चटणी, तेलानं बसलीय." दुसरी हलवली, बारीक सळसळ. "तीळ." तिसरी हलवली. खडखड वाजली. ते थांबले. पुन्हा हलवली. मग झाकण काढून आत बघितलं.

"मीठ? मी मिठाला खमंग म्हणालो?"

मी काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "हो."

"आणि तू गप्प बसलीस?"

"तीस वर्षं आमटीला नावं ठेवलीत. म्हटलं, एकदा मिठाला तरी चांगलं म्हणतायत, म्हणू देत."